पहिल्याच पेल्यात साकेचे दर्दी व्हा

साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, कळायची तर ती चाखावी लागते, असा एक खुळचट समज आहे. त्याच्या नादी लागू नका. चव कळायला वर्षं जातात, आकडा दोन मिनिटांत पाठ होतो.

तोक्योहून निगाताकडे जाणाऱ्या शिनकानसेन बुलेट ट्रेननं एचिगो-युझावाला उतरा. स्टेशनातच पोन्शुकान हे साके चाखायचं दालन आहे. काउंटरवर पैसे भरले की पाच नाणी आणि एक चिमुकला पेला हातात पडतो. समोर भिंतभर मशिनं, त्यांत निगाता प्रांतातल्या कारखान्यांच्या साके. इथे नवखा माणूस गांगरतो. तुम्ही सर्वांत कमी टक्के कुठे लिहिलेत तेवढं बघा. हे टक्के दारूचे नव्हेत, तांदळाचे. दाणा घासून घासून किती उरला, त्याचे. ६० किंवा त्याखाली असेल तर गिंजो म्हणवून घेता येतं, ५० किंवा त्याखाली दाईगिंजो. घरी डॉक्टरांच्या धाकानं हातसडीचा तांदूळ शिजवणारे आपण, इथे निम्म्या दाण्याचं पीठ झालं म्हणून डोळे मिटून 'वाऽ' म्हणायचं. वरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश गेले की सुवास खुलतो, हे खरंच आहे. पण ते समजावत बसू नका, कोणी ऐकत नाही. टक्के सांगा.

बाटलीवर 'जुनमाई' दिसलं की मान आदरानं लववा, कारण त्यात वरून मद्यार्क घातलेला नसतो. घातलेला असेल तर 'भेसळ' म्हणून नाक मुरडा. हा मद्यार्क थोडासाच असतो, तो सुवास खेचून घ्यायला घालतात, आणि मघाशी तुम्ही ज्या दाईगिंजोला 'वाऽ' म्हणालात तिच्यातही तो असू शकतो. पण त्यासाठी लेबल पुरतं वाचावं लागतं. दर्दी माणसाला कुठला वेळ?

चाखायच्या पांढऱ्या पेल्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं असतात. साकेचा रंग आणि निवळपणा त्यांवर पारखतात. तुम्ही फोटो काढा.

गरम साके पिणाऱ्याकडे मात्र दयेनंच पाहायचं. ५ अंशांवरची युकिबिए, ४० वरची नुरुकान, ५० वरची आत्सुकान, अशी दर पाच अंशांना वेगळी नावं जपान्यांनी काय हौस म्हणून दिली असतील. एखादे आजोबा साधी होन्जोझो, म्हणजे थोडा मद्यार्क घातलेली साके, कोमट करून, जिभेवर मिठाचा कण ठेवून, तासभर एकच बाटली पुरवत बसलेले दिसतील. त्यांना टक्के विचारा. बहुधा सांगता येणार नाहीत, बिचारे.

बाहेर पडताना महागातली बाटली घ्याच. बहुतेक साके ताजीच प्यायची असते, वर्षभरात संपवायची, उजेडापासून दूर ठेवायची. तेव्हा ती पुण्याला नेऊन शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली मांडा आणि नातवाच्या बारशापर्यंत जपा. मुलगा सध्या अकरावीत असला तरी हरकत नाही.

आणि पाणी मागू नका. साकेबरोबर मधूनमधून पाणी पिण्याची जपानी रीत आहे, त्या पाण्याला यावारागी-मिझू म्हणतात. पंधरा-सोळा टक्क्यांची दारू आहे हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही बिअर समजून पाचही नाणी दहा मिनिटांत उडवा. तिथेच दारू चढून आडव्या झालेल्या, सूट-टायमधल्या बाबूचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी फोटो काढायचा प्रघात आहे, तो पाचव्या पेल्यानंतरच काढा. फक्त त्यातला पुतळा कोणता, हे खाली लिहायला विसरू नका.