संक्रांत अस्सल आणि ख्रिसमस चोरीचा?

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरतो: ख्रिसमस मुळात पेगन म्हणजे ख्रिस्तीपूर्व लोकांचा सण, चर्चने तो ढापला, आपली संक्रांत मात्र अस्सल, शास्त्रशुद्ध. यंदा मी विरोध केला तर ‘तू आता त्यांचीच बाजू घेणार’ असं ऐकवलं गेलं.

सरमिसळ झाली हे खरंच आहे. दहाव्या शतकात नॉर्वेच्या हाकोन राजाने यूल हा जुना हिवाळी सण ख्रिस्ती सणाच्या तारखेला जोडला, असं आइसलँडच्या गाथा सांगतात. पण म्हणून तो खोटा कसा? इथे स्वीडनमध्ये, उप्सालात २१ डिसेंबरला सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. दिवे लावल्याशिवाय माणूस राहीलच कसा?

१३ डिसेंबरच्या लुसिया सणाचंच घ्या. ही संत सिसिलीची, कॅथलिक, स्वीडन लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. मध्ययुगात ज्युलियन कालगणनेनुसार सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास यायची. त्या रात्री गुरं बोलतात असं मानत, त्यांना जादा वैरण घालत. १७५३ मध्ये कालगणना बदलली, मोठी रात्र पुढे गेली, लुसिया १३ लाच राहिली. माझ्या मुलीच्या शाळेत लुसियाची मिरवणूक अंधारातच निघते: पांढरा झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर बॅटरीच्या मेणबत्त्या, मागे टोकदार टोप्या घातलेले मुलगे. मग बेदाणे खोचलेले केशरी पाव. इथली माणसं सण करतात, त्याचा सातबारा काढत बसत नाहीत.

आणि आपली संक्रांत? सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्या संपातचलनामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस, असं हे अंतर तिसऱ्या शतकापासून वाढत आलंय. आमच्या रत्नागिरीच्या घरी टिळक पंचांग, त्याचं गणित वेगळं, म्हणून संक्रांत १० जानेवारीला. शेजारी १४ ला. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत तर सौर पौष २२ डिसेंबरलाच लागतो. त्या दिवशी तिळगूळ देणारं घर मी पाहिलेलं नाही.

खरं तर मला लागलं ते ‘त्यांची बाजू’. लुसियाची गाणी मुलीला तोंडपाठ आहेत, मला दोन ओळींपुढे येत नाहीत. जानेवारीत बाहेर उणे दहा असताना मी गुळाचा पाक कडक व्हायच्या आत वड्या थापते, काळी साडी नेसते आणि वर जाडजूड कोट चढवून मंडळाच्या हळदीकुंकवाला जाते. ते शनिवारी असतं, ज्या शनिवारी हॉल मिळेल त्या. त्यात शास्त्रशुद्ध काही नाही. पण तोही कुणी नकली ठरवला, तर इथे माझ्याकडे दुसरी संक्रांत नाही.