डग्गा काहून नाही येत?

परवा रात्री साडेअकराला गच्चीच्या कठड्यापलीकडून प्रश्न आला, "बाबू, डग्गा काहून नाही येऊन राह्यला?"

माझ्या कानांवर हेडफोन होता. तरी प्रश्न स्वच्छ ऐकू आला, कारण हेडफोन ओपन-बॅक आहे. म्हणजे पाठीमागे जाळी. हवा खेळती राहते, गाणं डोक्यात कोंडल्यासारखं न वाटता समोर बैठक मांडल्यासारखं वाटतं. ही युक्ती १९६८ची, सेनहायझर या जर्मन कंपनीची. त्या पहिल्या हेडफोनला पिवळ्या फोमच्या गाद्या होत्या. जर्मनीत मे महिन्यात कूलर नसतो, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

माझ्याकडे आधी क्लोज्ड-बॅक होता. बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही. पण पंचेचाळीस डिग्रीत कानांवर रेक्झिनच्या दोन वाट्या लावून बसा म्हणजे कळेल. दहा मिनिटांत कानांचे उकडीचे मोदक. म्हणून पंधरा हजार घालून जाळीवाला आणला, तर त्यातून आधी कूलर ऐकू येतो, मग पाण्याचा पंप, आणि जागा उरली तर वसंतरावांचं गाणं. म्हणून गच्चीवर पळालो.

तिथे कठड्याला लागून शेजारच्या काकांची खाट.

"मारवा आहे ना हा? वसंतरावचा?" काका उठून बसले. गायक वसंतराव देशपांडे नागपुरात वाढले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, त्यामुळे आमच्याकडच्या एका पिढीला ते घरचेच वाटतात. एकेरी उल्लेख सहज होतो. "पण मारवा संध्याकाळचा राग. अर्ध्या रात्री काहून लावला?"

"काका, तुम्हाला ऐकू येतंय?"

"आठ दिवसांपासून ऐकून राह्यलो ना! गळा येते, पेटी येते. डग्गाच नाही येत. तो तू एकटाच ठेवून घेतो काय?"

मी समजावलं, की जाळीतून सगळंच बाहेर पडतं, पण डग्ग्यासारखा खालचा सूर हवेत विरतो, लांब पोचतो तो बारीक आवाज. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पीस फॉल्टी आहे. बिल आहे ना? बदलून घे बाप्पा." मग जरा थांबून, "आणि काल आलाप मधेच बंद केला. मले झोप नाही लागली."

मी चक्क माफी मागितली! घरात, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कानात गाणं ऐकल्याबद्दल.

हेच काका पहाटे साडेपाचला मोबाईल खाटेवर उताणा ठेवून फुल आवाजात रील बघतात. तेव्हा डग्गा बरोब्बर येतो. लग्नसराईत चौकात डीजे वाजला की खिडकीची तावदानं थरथरतात आणि कॉलनीत एकजण 'हूं' करत नाही. पण माझी तेवढी गळती ध्यानात आली. हे मला अजून बोचतं आहे, खोटं कशाला सांगू.

काल जिद्दीने जुना क्लोज्ड-बॅक हेडफोन बाहेर काढला. घाम मानेवर ओघळत होता, पण गाणं माझं एकट्याचं होतं. पंधरा मिनिटं. मग खांद्यावर टकटक.

"आज गाणं नाही काय?" काका कठड्यावरून ओणवे झाले होते. मागे खाटेवर टोपीवाले एक गृहस्थ मांडी घालून बसलेले, समोर पाण्याचा तांब्या. "व्याही आले अमरावतीहून. मी म्हटलं, रात्री आमच्या गच्चीवर गाणं असते."

मी खाली जाऊन जाळीवाला आणला. मारवा लावला.

व्याह्यांनी काकांच्या कानाशी काहीतरी विचारलं. काका माझ्याकडे वळले, "जरा वाढव बाबू. त्यायले कमी ऐकू येते."