गणितात 20 गुणांना पास, पण पुढे काय?

2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यावरून चर्चा रंगली होती. दहावीला गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर पुढे जाऊ द्यायचं, पण गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की याला पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. हेतू वाईट नव्हता. नापासाच्या शिक्क्यामुळे मुलं शाळा सोडतात, हे खरंच आहे. तरीही तालुक्याच्या गावात नववी-दहावीला गणित शिकवणारा माणूस म्हणून मला तो शेरा खटकतो. पंधराव्या वर्षी पोराच्या हातात 'तुझं गणित संपलं' असं लेखी द्यायचं, आणि पाचवी-सहावीत त्याचं काय राहून गेलं हे कोणी बघायचंच नाही.

राहून गेलेलं असतं बहुतेक वेळा अपूर्णांक. दहावीचा पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणं. त्यात 1/x आणि 1/y आले की अर्धा वर्ग खाली मान घालतो. क्लासवाले म्हणतात, या प्रकारचं एक उदाहरण पाठ करून टाक. पण मुलाला 1/2 + 1/3 विचारून बघा. 2/5 येतं. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

असं उत्तर आलं की आपण लाल रेघ मारतो आणि छेद समान करायची रीत पुन्हा फळ्यावर लिहितो. त्यापेक्षा 'असं का केलंस?' एवढंच विचारावं. एका मुलीने मला शांतपणे सांगितलं, "सर, पहिल्या चाचणीत 20 पैकी 12 आणि दुसरीत 20 पैकी 15 पडले, तर 40 पैकी 27 झाले ना? तसंच केलं." आता बोला! गुणपत्रिका तशीच बनते. पोरगी ढ नाही, तिने खरा नियम भलत्या जागी लावलाय. मग मी विचारलं, अर्धी भाकरी ताटात आहे, त्यात आणखी तिसरा हिस्सा वाढला, तर मिळून अर्ध्याहून कमी कशी झाली? (2/5 अर्ध्याहून कमी, हे तिला लगेच दिसलं.) छेद समान करायची गरज तिथे तिची तिलाच पटली.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे 'मग हुशार मुलं कंटाळतात.' त्यांना विचारा की गुणांची बेरीज अशी चालते, मग भाकरीची का चालत नाही? नव्वदच्या पुढचेही अडखळतात, कारण त्यांनी रीत घोटलेली असते.

गणित रंजक करायचं म्हणून 22 डिसेंबरला गणित दिन होतो, पायची रांगोळी निघते, फोटो ग्रुपवर जातात. माझी तक्रार नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्ग होता तिथेच असतो. त्यापेक्षा देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांचं 6174 ऑफ तासाला द्या. 1947 घ्या. अंक उतरत्या क्रमाने 9741, चढत्या क्रमाने 1479, वजाबाकी 8262. पुन्हा तसंच करत गेलं की 6354, 3087, 8352 आणि मग 6174. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या तिथेच पोचते, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी करून. हातचा चुकणारं पोरही इथे स्वतःहून परत तपासतं, कारण शेजाऱ्याचं आलं आणि आपलं नाही.

पुस्तकातही माल आहे. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आहे. 299 च्या रिचार्जमध्ये कर किती? दर 18 टक्के. सगळे 299 चे 18 टक्के काढून 53 रुपये 82 पैसे सांगतात. मग 299 मधून ते वजा करून उरलेल्यावर 18 टक्के लावायला सांगायचं. बेरीज परत 299 येत नाही, आणि वर्गात भांडण सुरू होतं. खरं उत्तर 45 रुपये 61 पैसे, कारण 299 हे 118 टक्के आहेत. हे भांडण मागच्या बाकावरून सुरू होतं, मोबाईलचं गणित त्यांना जास्त कळतं.

अडचण वेळेची आहे. बीजगणित 40, भूमिती 40, अंतर्गत 20 (ते कसे दिले जातात हे शिक्षकांनी एकमेकांना विचारू नये), आणि दिवाळीआधी किती धडे झाले याचा हिशोब. भांडणाला त्यात तास नाही. सरकारला काही द्यायचंच असेल तर 20 गुणांची सवलत नको, नववीचा पहिला महिना द्या. जुनं राहिलेलं भरून काढायला, परीक्षा न घेता.

तोवर आम्ही आमची वाट काढतो. नववीच्या पुस्तकात पहिला धडा संचांचा आहे. जूनमध्ये मी आधी अपूर्णांक घेतो. टाचण वहीत त्याला 'पूर्वज्ञान जागृती' म्हणतात, आणि ती किती दिवस चालावी असं कुठल्याही परिपत्रकात अजून माझ्या वाचनात आलेलं नाही.