‘तिकडे लढले म्हणून इकडे वाचलो’ म्हणणाऱ्या दादांसाठी

आज इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकची वर्गणी भरायला गेले आणि डोकं उठवून घरी आले. एक दादा आहेत (नाव घेत नाही, माणूस गुणी आहे, दर गणपतीला आमच्याकडे आरतीला असतात). हातात बटाटेवड्याची प्लेट, आणि म्हणतात कसे, "काही म्हणा, बुशने इराकमध्ये घुसून त्यांना तिकडेच ठोकलं, म्हणून आपण इकडे सुखाने झोपलो. दहशतवाद वाढला-बिढला हे डेमोक्रॅट्सनी सोडलेलं पिल्लू." आजूबाजूचे तिघे-चौघे माना डोलवतायत. मी तिथे गप्प बसले, कारण खजिनदारबाई पैसे मोजत होत्या आणि मला पावती हवी होती. म्हणून इथे लिहितेय.

माझ्या यादीतल्या बहुतेकांना हे सांगायची गरज नाही. तुम्ही २००३ साली अमेरिका इराकमध्ये घुसली तेव्हाच कपाळाला हात लावला होतात. पण आपल्यातले काही जण आता इतके ‘समतोल’ झालेत की सांगावंसं वाटतं.

२००६ साली मी न्यू जर्सीत ज्या ऑफिसात होते, तिथे खाली लॉबीत सिक्युरिटीला एक वयस्कर गृहस्थ असायचे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचे. बुशला दोनदा मत दिलेला माणूस, आणि ते लपवायचेही नाहीत. मुलगा मरीन सैनिक, इराकमध्ये रमादीत. टेबलाखाली कायम एक खोका उघडा असायचा: ओले रुमाल, पायाला लावायची पावडर, मोजे, बॅटरीचे सेल. येता-जाता लोक त्यात काहीबाही टाकायचे. चॉकलेट नको म्हणायचे, पोचेपर्यंत पातळ होतं. मग मी घरून आलेली लोणावळ्याची चिक्की दिली, ती टिकली.

तर त्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सोळा गुप्तचर संस्थांचा एकत्रित अहवाल फुटला. एप्रिलमध्येच तयार होता, पण गुप्त होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की इराकचं युद्ध जगभरच्या जिहादींना भरतीचं निमित्त झालंय. हे काही कुठल्या डाव्या प्राध्यापकाने लिहिलेलं नाही, दादा, सरकारच्या स्वतःच्या हेरांनी लिहिलेलं आहे. नोव्हेंबरात निवडणूक, मग काय! बुशने चिडून त्यातली काही पानं स्वतःच खुली केली. डेमोक्रॅट्सनी भरतीचं वाक्य उचललं. बुशच्या रिपब्लिकनांनी दुसरं, की जिहादी तिथे हरले तर पुढे कमी लोक त्या वाटेला जातील. लॉबीतल्या टीव्हीवर दिवसभर हीच झोंबाझोंबी.

काकांनी एकदा रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. मला म्हणाले, "माझा पोरगा सांगतो, रात्री एका घराचं दार तोडून एकाला उचललं, की दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतली जी पोरं आम्हाला हात हलवून दाखवायची, ती हात हलवत नाहीत." एवढंच. मग खोक्याला चिकटपट्टी लावायला लागले.

सोळा संस्थांना जे लिहायला इतकी पानं लागली, ते त्या पोराला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दिसत होतं! आणि वॉशिंग्टनला दिसत नव्हतं असंही नाही. रम्सफेल्डने ऑक्टोबर २००३ मध्येच आपल्या लोकांना लेखी विचारलं होतं, आपण रोज जितके मारतो-पकडतो त्याहून जास्त नवे तयार होतायत का? खुद्द संरक्षणमंत्री विचारतोय! प्रश्न बरोबर होता, फक्त उत्तर यायच्या आतच पुढच्या तुकड्या रवाना झाल्या.

आणि तयार कसे होतात याचं कोडं तरी कुठे आहे? मे २००३ मध्ये अमेरिकेने इराकचा कारभार बघायला नेमलेल्या ब्रेमरसाहेबांनी एका हुकमासरशी इराकचं सगळं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं बंदुकीसकट घरी. पगार नाही, मान नाही. त्यांनी काय भजन करायचं होतं? त्याच ऑगस्टमध्ये बगदादच्या कॅनाल हॉटेलात संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय उडवलं, त्यात त्यांचे इराकमधले प्रमुख दूत डी मेलो गेले. तो झरकावी नावाच्या जिहादी म्होरक्याच्या टोळीचा उद्योग. हा झरकावी २००४ मध्ये लादेनचा माणूस झाला. सद्दाम आणि अल कायदा मिळून काम करत होते असं सांगून युद्ध विकलं, तसं काही नव्हतं हे अमेरिकेच्याच ९/११ आयोगाने सांगितलं, आणि युद्धानंतर मात्र अल कायदाची खरीखुरी शाखा तिथे उघडली.

बरं, मान्य. १९९३ चा वर्ल्ड ट्रेड सेंटरचा बॉम्ब, १९९८ चे आफ्रिकेतल्या अमेरिकी वकिलातींवरचे बॉम्ब, २००० चा अमेरिकी युद्धनौकेवरचा हल्ला, आणि २००१ चं ९/११, हे सगळं इराकच्या आधीचं. बुशच्या काळात पुन्हा अमेरिकेत तसा हल्ला झाला नाही, हेही मान्य. २००६ च्या अखेरीपासून इराकच्या अनबार प्रांतातल्या टोळ्यांनीच अल कायदाला झोडपलं, तेही लिहून टाकते. झालं समाधान?

आता मला सांगा, दादा, "आपण सुखाने झोपलो" मधले आपण कोण? २००६ या एका वर्षात इराकमध्ये चौतीस हजारांवर सामान्य माणसं मेली, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडा. बाजारात, मशिदीत, बेकरीच्या रांगेत. ती दहशतवादात मेली नाहीत का? "तिकडे लढू, म्हणजे इकडे लढावं लागणार नाही" याचा अर्थ काय होतो, जरा एकदा वडा खाली ठेवून विचार करा. बॉम्ब फुटणारच आहेत, ते दुसऱ्याच्या पोराबाळांत फुटू देत, असा होतो. याला सुरक्षा नाही म्हणत. माझ्या आजीच्या भाषेत याला वेगळा शब्द आहे, तो फेसबुक उडवेल.

आणि आपल्या लाडक्या डेमोक्रॅट्सनी पण फार नाक वर करू नये. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ ने युद्धाला परवानगी मिळाली, त्या ७७ मध्ये हिलरीबाई होत्या, केरी होते. युद्ध बिघडल्यावर जाग आली. मग २०१४ साली अल कायदाच्या त्याच इराकी शाखेतून निघालेल्या आयसिसने इराकचं मोसुल शहर घेतलं तेव्हा रिपब्लिकन ओरडले, ओबामाने सैन्य काढलं म्हणून! २०११ अखेर परतायचा करार कुणी केला होता? बुशने, २००८ मध्ये. आणि २०१६ ला ट्रम्पने त्यांच्याच वादसभेत युद्धाला चूक म्हटलं, सांगणारे खोटं बोलले म्हटलं, तेव्हा हूर्यो झाली, आणि वर्ष सरायच्या आत तोच निवडून आला. दादांनी त्यालाही मत दिलं असणार, विचारून बघते.

मोसुल लांब वाटतं ना? तिथून पळवलेले ३९ भारतीय मजूर मेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं ते २०१८ मध्ये. चार वर्षं घरचे वाट बघत होते. आणि मे २०१४ मध्ये आमच्या कल्याणची चार मुलं यात्रेकरूंसोबत इराकला गेली आणि आयसिसला जाऊन मिळाली. माझी बहीण डोंबिवलीत, तिने फोन करून सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. बगदाद पडलं तेव्हा ही पोरं शाळेत डबा खात होती. त्यांनी केलं ते त्यांनीच केलं, त्याचं खापर मी कुणा बुशवर फोडत नाही. पण जायला ते दुकान तिथे उघडं होतं, आणि त्या दुकानाचं बांधकाम कधी सुरू झालं हे आपल्याला माहीत आहे.

आता थोडी शांत झालेय, चहा घेतला.

काकांचं एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांनी पुन्हा रिपब्लिकनांनाच मत दिलं. मी तेव्हा तरुण आणि आगाऊ, विचारलं, मुलगा तसं सांगतोय तरी? म्हणाले, "तो तिथे असताना मी कुठल्या तोंडाने म्हणू की हे सगळं फुकट आहे?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. मुलगा परत आला, धडधाकट, एवढं मला कळलं. पुढे मी नोकरी बदलली. त्या माणसाला तसं म्हणायचा हक्क होता. दादा, तुम्हाला नाही. तुमचा मुलगा बॉस्टनला डेंटल करतोय.

कमेंटमध्ये कुणीतरी "मग काय सद्दाम चांगला होता का" लिहिणारच, म्हणून आधीच सांगते: नव्हता. राक्षस होता. १९८८ मध्ये इराकमधल्याच हलब्जा गावात त्याने विषारी वायू सोडून हजारो कुर्द मारले. त्या वर्षी अमेरिका कोणाच्या बाजूने होती ते आधी वाचून या, मग लिहा.