कोअर टू ड्युओवर विंडोज ११ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात असलेल्या कोअर टू ड्युओ (इंटेलचा जुना प्रोसेसर) संगणकावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवली. त्यावर आपण लिहिता की, रूफस (विंडोज बसवण्याचा पेन ड्राइव्ह तयार करणारे साधन) वापरून टीपीएम या सुरक्षा चिपची तपासणी वगळली असती तर विंडोज ११ सहज बसले असते, आणि मी माझी आवड सचिवांवर लादली. यातला दुसरा आक्षेप काही अंशी खरा आहे, पहिला मात्र या यंत्राला लागू पडत नाही.

रूफस वगळते ती बसवतानाची तपासणी: टीपीएम २.०, सिक्युअर बूट, रॅम. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून मात्र एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना (प्रोसेसरला थेट समजणाऱ्या आज्ञा) प्रोसेसरमध्येच असाव्या लागतात. कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत, त्यामुळे तपासणी चुकवली तरी संगणक सुरूच होत नाही. आधीची २३एच२ बसली असती, पण तिच्या होम आणि प्रो आवृत्त्यांची अपडेटची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे विंडोज १० नंतर अवघ्या चार आठवड्यांनी संपली.

आपल्या घणसोलीच्या घरी तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीवर ही युक्ती चालली, कारण त्या प्रोसेसरमध्ये दोन्ही सूचना आहेत. तिथेही मायक्रोसॉफ्ट अपडेटची हमी देत नाही आणि नवी आवृत्ती आली की पेन ड्राइव्हचा खटाटोप पुन्हा करावा लागू शकतो. आपण तो हौसेने कराल. आमचे सत्तरीचे सचिव करणार नाहीत.

आता माझी चूक. जुनी इतिवृत्ते युनिकोडपूर्व (रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे दाखवणाऱ्या) फॉन्टमध्ये आहेत, हे मी आधी पाहिलेच नाही. मिंटमधील लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली तेव्हा मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसला. तोच फॉन्ट मिंटमध्ये टाकल्यावर मजकूर वाचता आला. नव्या नोटिसांसाठी मात्र सचिवांना इनस्क्रिप्ट (युनिकोड मराठी टंकनाची कळफलक-मांडणी) शिकावे लागले, त्यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस नोटिसा मीच टंकित केल्या. (हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते, पण ते पूर्वीपासूनच खजिनदारांच्या लॅपटॉपवर आहे.)

विंडोज ७ असलेली मूळ हार्ड डिस्क मी पुसलेली नाही. मिंट नव्या एसएसडीवर आहे. ती डिस्क कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे आणि सचिवांनी सांगितले तर त्याच दिवशी परत जोडून देईन, फक्त इंटरनेटची वायर काढून.