गडणी कुठं गेल्या?

आपल्या सांगलीत पोरांना एकमेकांना हाक मारायला शब्दांची ददात कधीच नव्हती. भावा, मर्दा, लका, गड्या, आणि चेष्टेच्या रंगात असले की दाजी नाहीतर पाव्हणं. मला बोलायचंय ते बायकांबद्दल. जिवाभावाच्या मैत्रिणीला मारायची आपली हाक कुठली?

कॉलेजच्या पोरी आता सरळ एकमेकींना 'भावा' म्हणतात. परवा तासगावच्या एसटीत एकजण खिडकीतनं ओरडत होती, "भावा, पळ की गं, जागा धरलीया!" ऐकून बरं वाटलं, त्या हाकेत माया होती. पण रुखरुखही लागली, कारण आपल्याकडं यासाठी शब्द होता. गडणी.

खेळातला जोडीदार तो गडी आणि जोडीदारीण ती गडणी. झिम्मा-फुगडीच्या गाण्यांत ती आहे. जात्यावरच्या ओव्यांत तिच्या बहिणी आहेत: सई, शेजी, मैतरीण. शिराळ्याकडची माझी आत्ती बांधावर उभी राहून पलीकडच्या रानात "ए गडणीऽ" अशी लांबलचक हाक द्यायची. तिकडं आधी खुरपं वर दिसायचं, मग ओ यायची. दोघी लिंबाखाली बसून एकाच भाकरीवर ठेचा खायच्या आणि त्या बोलण्यात आम्हा पोरांना थारा नसायचा.

हा शब्द मागं का पडला, यावर माझं मत असं. लग्न झालं की बाईचं गाव सुटायचं, गडण्या माहेरीच राहायच्या. सासरी जी नवी मैत्रीण मिळायची तिला हाक नात्याचीच, वहिनी, काकू, नाहीतर अमक्याची आई. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं आणि ओव्याही थांबल्या. मग गडणी म्हणणार कोण?

जगात बघितलं तरी अशा हाका बहुतेक पुरुषांच्या नात्यातनं आलेल्या. तमिळमध्ये मित्राला 'मच्चान' म्हणतात, मल्याळममध्ये 'अळियन', दोन्हींचा मूळ अर्थ मेव्हणा. आपल्या 'दाजी'ची ही सख्खी भावंडंच. मामाच्या पोरीशी लग्नाची रीत तिकडंही आणि इकडंही, त्यामुळं मामेभाऊ कधी मेव्हणा होईल सांगता यायचं नाही. तुर्की पोरं-पोरी दोघंही 'कांका' म्हणतात, रक्ताची शपथ घेऊन मानलेलं भावंड या अर्थाच्या शब्दाचं ते लाडकं रूप.

बायकांनी आपला शब्द जपलाय तो स्पॅनिशमध्ये. बाळाची आई आणि बाप्तिस्म्याला उभी राहिलेली धर्ममाता एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात, आणि पक्क्या मैत्रिणीलाही तोच शब्द. चिनी पोरींचा शब्द तर मला फारच आवडतो, 'ग्वेइमी'. ग्वेइ म्हणजे जुन्या घरातली बायकांची आतली खोली, आणि शब्दातला 'मी' आज ज्या अक्षरानं लिहितात त्याचा अर्थ मध. इतक्या जुन्या खोलीतनं आलेला हा शब्द आजच्या पोरींच्या तोंडी आहे. मग गडणीनंच काय घोडं मारलंय?

'भावा' म्हणणाऱ्या पोरींना मी अडवणार नाही. पण आपल्या जवळच्या मैत्रिणीला एकदा गडणी म्हणून हाक मारून बघा. मी आमच्या ग्रुपमध्ये सुरू केलंय. पन्नाशीच्या बायका आहोत सगळ्या, आणि पहिल्या हाकेलाच प्रत्येकीला कुणी ना कुणी माहेरची आठवली.

कानडीत मैत्रिणीला 'गेळती' म्हणतात. जतच्या बायकांनो, तुमच्या घरात अजून हाक मारतात का तशी? आणि माण-खटाव, आटपाडीकडं आज्या काय म्हणायच्या? तिकडचे शब्द मला हवे आहेत, लिहून ठेवणार आहे.