पुस्तकं कपाटात कोंडायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

काल ताईने फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, 'पालकांनो, वेळीच जागे व्हा' वाला. याआधी दोन-तीनदा आला होता माझ्याकडे, मी न वाचताच डिलीट केला होता. पण यावेळी ताईने खाली लिहिलं, "आजपासून आपल्याकडे सुरू", आणि संध्याकाळी भाचीचा फोन, मावशी आईने माझी सगळी पुस्तकं वरच्या कपाटात ठेवली. दहा वर्षांची आहे ती. म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसलेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अवांतर वाचनात अभ्यासाचा वेळ जातो. गोष्टी वाचणाऱ्या मुलांचं गणित कच्चं राहतं. तेच पुस्तक परत परत वाचणं हा आळस. वाचू द्यायचंच असेल तर प्रत्येक पुस्तकाचा सारांश आणि बोध वहीत लिहून घ्या. आणि अभ्यासाची पुस्तकं हीच खरी पुस्तकं, बाकीची शाळा संपेपर्यंत बंद.

आधी गणिताचं बघू, कारण ताई त्यालाच घाबरलीय. 'संशोधनाने सिद्ध झालंय' असं लिहिलंय, पण कुणाच्या, कधीच्या, काही पत्ता नाही. मी नावासकट सांगते. ब्रिटनमध्ये 1970 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांची माहिती लहानपणापासून ठेवली गेलीय. त्यातल्या साधारण 6,000 जणांचा अभ्यास करून लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधल्या ॲलिस सलिव्हन आणि मॅट ब्राउन यांनी 2013 मध्ये मांडलं की आवडीने वाचणारी मुलं 10 ते 16 या वयात न वाचणाऱ्यांपेक्षा जास्त पुढे गेली, शब्दसंग्रहात सगळ्यात जास्त, पण स्पेलिंगमध्येही आणि गणितातही. आता कुणी म्हणेल हुशार मुलंच वाचतात, त्यात काय. तर त्यांनी तुलनाच अशी केली की घरची परिस्थिती सारखी आणि 5 व्या आणि 10 व्या वर्षी टेस्टमधले मार्कही सारखे, मग पुढे फरक कुठे पडला. आणि वाचनाचा हा फायदा, आई किंवा बाबांकडे डिग्री असण्याने मिळतो त्याच्या जवळजवळ चौपट निघाला. चौपट, ताई!

मी शिकवण्या घेते, मला यात नवल वाटत नाही. मागच्या आठवड्यात एकाला गणित दिलं, टाकीत 240 लिटर पाणी, निम्मं वापरलं, उरलेल्यापैकी पाव झाडांना घातलं, किती राहिलं. त्याने 240 चा पाव काढला, 60, तो 120 मधून वजा केला आणि उत्तर लिहिलं 60. भागाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, फक्त 'उरलेल्यापैकी' हा शब्द डोळ्यांखालून निसटला. उत्तर 90 यायला हवं होतं. अशा मुलाला अजून वीस गणितं घातली तरी तो वीस वेळा तसंच करेल, कारण त्याचं अडलंय ते वाक्यात. आणि वाक्यं अंगवळणी पडतात ती भरपूर वाचून, तेही स्वतःच्या मर्जीने, कारण मारून मुटकून कुणी इतकं वाचत नाही.

आता ती बोधाची वही. मला विचाराल तर कपाटापेक्षा हा प्रकार जास्त वाईट, कारण वरून किती शहाणपणाचा वाटतो. ताईने ही वही आधीच सुरू केली होती, मी सुट्टीत गेले तेव्हा पाहिली. पुस्तकाचं नाव, पानं, नवीन शब्द पाच, बोध. पहिल्या तीन नोंदी भरगच्च. मग पुस्तकं बारीक होत गेलेली, 64 पानांचं, 32 चं, शेवटचं 16 पानांचं, बाळांचं चित्रांचं पुस्तक, आणि बोध, 'खरे बोलावे'. मी विचारलं हे का घेतलंस, तर म्हणाली यात बोध पटकन सापडतो. याच मुलीने दोन वर्षांपूर्वी जेवायला बोलावलं तर "एवढं पान होऊ दे" म्हणून ताट थंड केलं होतं. तिला वाचन आवडेनासं झालेलं नाहीये, तिला त्या वहीपासून सुटका हवीय. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी परीक्षा बसली असेल तर गोष्टीत शिरायचं कशाला?

परत परत वाचण्याबद्दल एवढंच, आपण मोठेही आवडतं गाणं एकदाच ऐकून सोडून देत नाही. त्यात आळस कसला.

एक गोष्ट मान्य करते, मनात नसताना. गोष्टी वाचणाऱ्या मुलाला विज्ञानाचा धडा आपोआप वाचता येतो असं नाही. तिथे थांबावं लागतं, आकृती बघून परत मागे यावं लागतं, ती सवय वेगळी लावावी लागते. आणि रात्री पांघरुणात टॉर्च लावून बारा वाजेपर्यंत वाचत असेल तर पुस्तक काढून घ्या, झोप हवीच. पण म्हणून पुस्तकांना कुलूप? धडा वाचायला शिकवायचा तर शेजारी बसून धडा वाचा ना, त्यासाठी गोष्टी कशाला बंद करायच्या.

ताई, वही आजच बंद कर. कपाटाचं मी रविवारी येते तेव्हा बोलू, पण तोवर निदान एक पुस्तक खाली काढून ठेव, कुठलं ते तिला निवडू दे. आणि ते वाचून झालं की काही विचारू नकोस.